मरळीचा रविवार

बायपासला वर्ष होऊन गेलं तेव्हा डॉक्टरांनी यांना सांगितलं, "आता सगळं करायचं. फक्त बेताने."

हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "मासे धरायला गेलो तर चालेल?"

डॉक्टर हसले. "जा की. दगडावर बसून राहायला काय होतंय?"

दगडावर बसून मासे धरणारे वेगळे. हे त्यातले नव्हते, पण डॉक्टरांना ते सांगायच्या भानगडीत हे पडले नाहीत. त्याच संध्याकाळी माळ्यावरून रॉड उतरवायला स्टुलावर चढले. मी स्वयंपाकघरातून धावत आले आणि स्टूल घट्ट धरून उभी राहिले. "अहो, मला सांगायचं ना." यांनी वरून एकदा बघितलं आणि रॉड माझ्या हातात न देता स्वतःच सांभाळत खाली उतरले.

आमच्या संसारातले बहुतेक रविवार यांनी पाण्याच्या काठावर काढले आणि मी घरात. हे एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला होते, बॉयलरच्या बाजूला. आठवडाभर कानांत तो घुमणारा आवाज असायचा, त्यामुळे घरातही बोलायचे ते ओरडूनच. रविवारी पहाटे निघून जायचे आणि दुपारनंतर परत आले की आवाज खाली आलेला असायचा. मासा मिळाला असो वा नसो, त्या संध्याकाळी आमच्या घरात कोणी कोणावर खेकसत नसे.

गांडूळ किंवा कणकेचा गोळा लावून तासन् तास बसायचं यांना कधीच आवडलं नाही. यांचं आमिष खोटं असायचं. रबरी बेडूक, प्लास्टिकचे रंगवलेले मासे, पितळेची चकती. ते लांब फेकायचं आणि जिवंत वाटेल असं हलवत, मध्येच थांबवत परत ओढून घ्यायचं. पुन्हा फेकायचं. "मासा दर वेळी भुकेनं येत नाही," हे सांगायचे, "कधी कधी नुसता चिडून येतो. हा कोण आला माझ्या दारात, म्हणून."

लग्नानंतर पहिली काही वर्षं दर शनिवारी रात्री विचारायचे, "येतेस का उद्या?" मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. रविवारी वह्यांचे गठ्ठे, आठवड्याचे कपडे, पोराचा अभ्यास. मी म्हणायचे, "पुढच्या वेळी." मग कधीतरी विचारणं बंद झालं. भांडण झालं नाही, मनातही काही आलं नाही. यांच्याबरोबर बॉयलरवरचे एक सहकारी जायचे. जोडी छान जमली होती. पुढे त्यांची बदली चंद्रपूरला झाली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत यांच्या छातीत दुखायला लागलं.

म्हणून या वेळी मीच म्हणाले, "एकट्यानं जायचं नाही. मी येणार."

"तू? तिथे दिवसभर काय करशील?"

"बसेन."

यांना आनंद झाला की अडचण, ते मला त्या वेळी कळलं नाही.

मार्चमधला रविवार होता. माझी तयारी आदल्या रात्रीच झालेली: गोळ्यांची डबी, जिभेखाली ठेवायची गोळी वेगळ्या कप्प्यात, रक्तदाब मोजायचं मशीन, लिंबूपाणी, टोपी, घडीची खुर्ची. यांची तयारी मुलानं केली होती. तो पुण्याला नोकरीला आहे. त्यानं वडिलांसाठी नवं, महागातलं रीळ पाठवलं होतं, गोल डबीसारखं, रॉडच्या वर बसणारं. बरोबर निरोप होता, "पप्पा, पहिला मासा याच रिळावर. फोटो पाहिजे." म्हणून यांनी आपलं जुनं, हाताला बसलेलं रीळ घरीच ठेवलं.

उजाडता उजाडता विल्होळी मागे टाकली. वाडीवऱ्ह्याला चहा घेतला. गाडी चालवताना हे खूप बोलत होते. मुकणे धरणाच्या मागच्या बाजूला एक खडक आहे, त्याच्या पुढ्यात पाणवनस्पती आहे, तिथे मरळ असते, दोन वेळा सुटलेली आहे, मोठी आहे. मरळ ही चिवट मासळी, अंगाला कवड्यांसारखे ठिपके, जबडा दणकट. यांच्या बोलण्यात ती अशी येत होती, जणू ओळखीतली कोणी बाई, आणि आपण तिच्याकडेच पाहुणे निघालो आहोत.

खडक सापडला, पण पाणी तिथे नव्हतं. शेतीसाठी पाणी सोडलेलं असल्यानं धरण खाली गेलं होतं. खडकाच्या पुढे भेगाळलेला गाळ, मग ओला गाळ, आणि मग कुठे पाण्याची कड. वनस्पती वाळून काठावर पडली होती. हे खडकावर उभे राहून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "असू दे. पुढून जाऊ."

नव्या रिळाचं तंत्र वेगळं होतं. फेकताना आतलं चाक अंगठ्यानं अलगद दाबून धरावं लागतं. नाहीतर आमिष हवेत थबकतं, चाक मात्र फिरत राहतं आणि दोऱ्याचा गुंता होतो. यांनी पहिल्यांदा फेकलं तेव्हाच गुंता झाला. सुगरणीचं घरटं विस्कटावं तसा दोऱ्याचा पुंजका रिळातून बाहेर आला. हे खाली बसले आणि नखानं एकेक पदर सोडवू लागले. सुटलं. पुन्हा फेकलं. पुन्हा गुंता. सकाळची चांगली वेळ, मासा काठाला येण्याची वेळ, यांनी मान खाली घालून गुंते सोडवण्यात घालवली.

मी खुर्चीतून विचारलं, "खांदा दुखतोय का?"

"नाही."

थोड्या वेळानं विचारलं, "छातीवर ताण येतोय का फेकताना?"

"नाही गं."

"पाणी घ्या थोडं."

यांनी पाणी घेतलं. मी दिलं म्हणून घेतलं.

एक गाववाले म्हशी घेऊन पाण्यावर आले. आमच्या गाडीच्या मागच्या काचेवर निळी पट्टी आहे, ती त्यांनी येताना बघितली असावी. लांबूनच म्हणाले, "जय भीम, सायेब. काय घावलं का?"

"जय भीम. नाही अजून."

"पाणी लय उतारलं. तिकडं वड्याच्या तोंडाला जरा शेवाळ हाय, तिथं बघा. पन लांब हाय, बरं का. गाडी नाय जायाची." म्हशी सरळ पाण्यात शिरल्या, हे जिथे फेकत होते नेमक्या तिथेच, आणि पाणी चहासारखं झालं. गाववाले ओशाळले. "त्यांला काय कळतंय," म्हणाले. हे हसले आणि पुढे सरकले.

पुढच्या जागेवर रंगीत प्लास्टिकचा मासा पाण्याखालच्या बाभळीच्या खुंटाला अडकला. यांनी डावीकडून ओढलं, उजवीकडून ओढलं, दोरा सैल सोडून पाहिला. मग रॉड खाली ठेवून पँट दुमडायला लागले.

"कुठे निघालात?"

"काढून आणतो. गुडघाभर पाणी आहे."

"अजिबात नाही. गाळात पाय रुतला तर? जोर लावावा लागला तर?"

"अगं, तो जुना आहे. आता मिळत नाही तसला."

"मी आणते."

हे बघतच राहिले. मी सलवार गुडघ्यापर्यंत ओढली आणि शिरले. पहिल्याच पावलाला गाळानं चप्पल ओढून घेतली. पाय काढायचा, टाकायचा, पुन्हा काढायचा. काठावरून हे ओरडत होते, "सावकाश! गळाला हात नको लावू! वरून धर, वरून! अगं परत ये, जाऊ दे तो!" बॉयलरवरचा तो जुना आवाज मी वर्षभरानं ऐकला. खुंटाशी पोचले, दोऱ्यावरून हात खाली नेत नेत प्लास्टिकचा मासा सोडवला आणि वर धरला. तेवढ्यात तोल गेला आणि मी बसले पाण्यात, कमरेइतकी.

हे हसायला लागले. मीही. काठावर आले तेव्हा यांनी हात दिला, आणि पाय धुवायला लिंबूपाण्याची बाटली सोडून दुसरी, साध्या पाण्याची ओतली. "इतक्या वर्षांत एवढा मोठा मासा नव्हता लागला मला," म्हणाले. त्या दिवसातली चांगली वेळ कुठली असं कोणी विचारलं तर मी तीच सांगेन. पण लगेच मला दिसलं की हसता हसता यांनी छातीच्या मधोमध, टाक्यांच्या जागेवर, तळहात ठेवला आहे, आणि माझं हसू गेलं.

"दुखलं?"

यांनी हात काढला. "सवय झालीय तशी. दुखत नाही."

जेवायला बाभळीच्या विरळ सावलीत बसलो. भाकरी, झुणका, शेंगदाण्याची चटणी, आणि शाळेतल्या एका बाईंनी निफाडहून आणून दिलेली द्राक्षं. जेवताना मुलाचा फोन आला.

"काय पप्पा, लागला का मासा?"

हे माझ्याकडे बघत म्हणाले, "एक लागला होता. छोटा. सोडून दिला."

"नव्या रिळावर?"

"हो तर. मस्त चालतंय."

"फोटो?"

"हात ओले होते रे. पुढच्याचा काढतो."

फोन ठेवल्यावर हे द्राक्षांचा घड हातात घेऊन एकेक मणी तोडत बसले, खाल्ले मात्र थोडेच. माणूस आपल्या पोराला खूश ठेवायला एवढंसं खोटं बोलतो त्यात काय मोठंसं, पण यांना खोटं बोलायची सवय नाही. मासा मिळाला नाही तर हे दारातूनच सांगायचे, "आज हात हलवत आलो."

दुपारी वारा सुटला. आमिष वाऱ्यात भरकटायला लागलं, गुंते पुन्हा सुरू झाले. एकदा काठाजवळ एक मासा आमिषाच्या मागे मागे आला. मलाही दिसला, काळसर, लांबट. अगदी पायाशी येऊन थांबला आणि वळून गेला. हे पुटपुटले, "आली होती. बघून गेली." त्यानंतर त्याच जागी कितीदा फेकलं त्याला गणती नाही. मी म्हणाले, "निघू या का?" हे म्हणाले, "शेवटची दहा." ती दहा संपली, मग आणखी दहा, मग मोजायचंही राहून गेलं.

शेवटी गाववाल्यांनी सांगितलेल्या ओढ्याच्या तोंडाकडे जायचं ठरलं. वाट ढेकळांतून, चढउताराची. मी खुर्ची, पिशवी, मशीन घेतलं. हे रॉड आणि आमिषांची डबी. मध्येच हे थांबले, एका दगडावर टेकले. कपाळावर घाम होता. उन्हाचा असेल. मी पिशवीतून मशीन काढलं आणि यांच्या दंडाला पट्टा गुंडाळायला लागले.

"ठेव ते आत."

"एकदा बघू दे फक्त."

"मी मासे धरायला आलोय की तुला नाडी दाखवायला?" हे मोठ्यानं बोलले. मग लगेच आवाज उतरला. "सकाळपासून तू पाण्याकडे एकदाही बघितलं नाहीस. माझ्याकडेच बघत बसलीस."

मी पट्टा गुंडाळून पिशवीत टाकला. मला राग आला होता, तो मी गिळला. वर्षभर ज्याचा श्वास चालू आहे ना, ते ऐकत मी रात्र रात्र जागले, त्या माणसाला मी काय सांगणार होते? पाण्याकडे बघायला मला सवड कुठे होती?

ओढ्याच्या तोंडाशी खरंच हिरवं शेवाळ होतं, मध्ये मध्ये मोकळ्या पाण्याचे तुकडे. वारा पडला होता, ऊन कलतं झालं होतं. यांनी डबीतून रबरी बेडूक काढला, तो दोऱ्याला बांधला आणि फेकला. या वेळी गुंता झाला नाही. बेडूक शेवाळावर पडला, हे त्याला टुणूक टुणूक हलवत आणू लागले. मोकळ्या पाण्यात आला की थांबवायचे. दिवसभरात पहिल्यांदा यांचे हात आणि ते रीळ एकमेकांना समजून घेत असल्यासारखे चालले. मी खुर्ची उघडली नाही. उभीच राहिले, आणि ठरवून पाण्याकडे बघितलं.

किती तरी वेळा बेडूक आला आणि गेला. मग शेवाळाच्या कडेला पाणी फुटलं. आवाज केवढा, कोणीतरी वरून वीट टाकावी तसा. बेडूक दिसेनासा झाला. यांनी लगेच ओढलं नाही. क्षणभर थांबले, मग दोन्ही हातांनी रॉड मागे घेतला. रॉडची कमान झाली. रीळ करकरलं.

"लागली!" हे ओरडले. "लागली गं!"

मरळ शेवाळात घुसायला बघत होती, हे तिला मोकळ्या पाण्याकडे वळवत होते. यांचे खांदे ताठ, दात आवळलेले, मान लाल. पाण्यावर एकदा तिची पाठ दिसली, काळी, जाड. दोरा शेवाळ कापत इकडून तिकडे फिरत होता. मग हे एकदम माझ्याकडे वळले. चेहरा घामानं भिजलेला, श्वास लागलेला. "धर," म्हणाले. "धर, धर लवकर!" आणि रॉड माझ्या हातात दिला.

मी धरला. पण दिवसभर ज्याची भीती घेऊन फिरत होते ते आता झालं, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. माझा डावा हात रॉड सोडून यांच्या छातीकडे गेला. "काय होतंय? खाली बसा. बसा आधी! गोळी..."

"अगं वर! रॉड वर धर! दोरा ढिला सोडू नकोस!"

रॉडचं टोक खाली गेलं होतं. पाण्यात एक मोठी गिरकी झाली, आणि मग काही नाही. हे झटकन रॉडकडे आले, दोरा गुंडाळला. बेडूक रिकामा आला, एका बाजूनं फाटलेला.

मी अजून यांच्या शर्टाला धरून होते. "दुखतंय का? खरं सांगा."

"मला काहीही झालं नाही," हे म्हणाले. आवाज अगदी शांत होता. ओरडले असते तर बरं झालं असतं. "तुझ्या हातात दिला. कसं लागतं हाताला, ते तुला कळावं म्हणून. एवढी वर्षं सांगतोय, सांगून कळत नाही ते."

मी खाली बसले, तिथेच, गाळात. हे माझ्याशेजारी बसले. समोर शेवाळ पुन्हा जुळून आलं होतं. बऱ्याच वेळानं यांनी पिशवीतून मशीन स्वतःच काढलं, स्वतःच पट्टा बांधला, बटण दाबलं आणि आकडे माझ्यापुढे धरले. आकडे चांगले होते, माझे घेतले असते त्यापेक्षा नक्कीच चांगले.

"आणखी थोडं फेका ना," मी म्हणाले. "असेल अजून तिथेच."

"आता नाही येत ती."

परतताना गाडीत हे रस्त्याबद्दल बोलले, पुढच्या ट्रकबद्दल बोलले. वाडीवऱ्ह्याला चहाला थांबायचं का, तेही विचारलं. मुलाचा पुन्हा फोन आला तेव्हा म्हणाले, "नाही रे, नाही मिळाला." सकाळच्या त्या छोट्या माशाचा विषय बापलेकांपैकी कोणीच काढला नाही. मी खिडकीतून बाहेर बघत होते.

घरी आल्यावर यांनी रॉड पुसला, रिळाला तेल दिलं, गळ वाळवले. सगळं नेहमीसारखं. मला वाटलं, पुढच्या रविवारी निघतील, आणि या वेळी मी मशीन घरी ठेवीन. पुढचा रविवार आला. "पाणी फार खाली गेलंय," म्हणाले. त्याच्या पुढच्या रविवारी ऊन होतं. पावसाळ्यात धरणं भरली, बातम्यांत दाखवली, मी म्हणाले, "भरलं बघा मुकणे." हे म्हणाले, "गढूळ असेल." मी एकदा म्हणाले, "तुम्ही एकटे जा. मी नाही येत, फोनही करणार नाही." त्यावर हे माझ्याकडे बघून जरा हसले. "एकट्याला आता तिथे करमणार नाही," म्हणाले. ते माझ्यामुळे, की चंद्रपूरला गेलेल्या दोस्तामुळे, की वयामुळे, हे मी विचारलं नाही.

कुठल्याही भांडणाशिवाय, कोणी कोणाला बोल न लावता ते सुटलं. हे आता सकाळी कॉलनीतल्या मंडळींबरोबर फिरायला जातात. रविवारी विहारात जातात, तिथल्या मुलांना गणित शिकवतात. तब्येत छान आहे. दुपारी पलंगावर पडून मोबाईलवर लांबच्या कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांचे मासे धरतानाचे व्हिडिओ बघतात. आवाज बंद करून. मी शेजारी वह्या तपासत असते. निवृत्तीला फार दिवस राहिलेले नाहीत, वह्याही आता पूर्वीइतक्या नसतात.

कधी कधी मी आठवायचा प्रयत्न करते. काही क्षण का होईना, ती मरळ माझ्या हातात होती. वजन लागलं असणार, रॉड थरथरला असणार, तिनं ओढलं असणार. यांना ज्यासाठी इतकी वर्षं पहाटे उठून जावंसं वाटत होतं ते माझ्या तळहातांपर्यंत आलंच असणार. पण मला त्यातलं काहीच आठवत नाही. आठवतो तो यांचा चेहरा. परवा एकदा मी विचारलंच, "अहो, मासा लागला की हाताला नेमकं कसं लागतं?"

यांनी व्हिडिओ थांबवला. थोडा विचार केला. माझं मनगट हातात घेतलं, सोडलं, आणि म्हणाले, "नाही सांगता येत."

आणि व्हिडिओ पुन्हा सुरू केला.